घनकेश तेल आणि यमुनेचा फळा

"अहो! काय करून राहिले तुम्ही हे?"

आवाज इतका धारदार होता, की स्टुलावर उभ्या तरुणाचा ब्रश हवेतच थबकला आणि पिवळ्या रंगाचा एक थेंब टपकन त्याच्या नाकावर पडला.

यमुना खाली उभी होती. धुक्याने ओलावलेली वेणी, हातात गुंडाळलेलं भित्तिपत्र, आणि डोळ्यांत… डोळ्यांत नुसती आग!

सौंसरच्या बसस्टँडजवळ, बुद्धविहाराच्या वाचनालयाबाहेर ती दर आठवड्याला हाताने लिहिलेलं भित्तिपत्र चिकटवायची. शेजारी मोठा फळा, त्याला दोरीने बांधलेला खडू. वाचणाऱ्याने आपलं मत तिथेच लिहायचं. आणि आज त्या फळ्यावर चक्क ऑइलपेंटने अक्षरं उमटत होती – 'घनकेश तेल! टकलावरही जंगल!'

"मोतीरामजींनी सांगितलं जी… फळा त्यांचाच हाय म्हणे," तो चाचरत म्हणाला.

"उद्या म्हणतीन, कन्हान नदी बी माहीच हाय! मंग तिच्यावर बी लिहान?"

"पाणी थांबलं तर… लिहून पाहीन."

यमुनेला हसू आलं. तिने ते ओठ घट्ट मिटून आत ढकललं. त्याने मात्र ते पाहिलं होतं.

त्याचं नाव सुखदेव. तिगावचा. दुकानांच्या पाट्या रंगवायचा, आणि अक्षर असं, की चालता माणूस थांबून पाहील. फळा कोणाचा हे कळताच तो खाली उतरला, रॉकेलच्या बोळ्याने रंग पुसला आणि दुपारपर्यंत अख्खा फळा पुन्हा काळा करून दिला. यमुना हाताची घडी घालून पाहत राहिली.

"गेला का राग?"

"अर्धा."

"आन् बाकीचा?"

"फळा वाळू द्या… मंग पाहू."

त्या आठवड्याचा विषय यमुनेच्या काळजाचा होता. सकाळची बस रामाकोन्याला थांबतच नव्हती. गावच्या पोरी हात दाखवत उभ्या राहायच्या आणि गाडी धूळ उडवत निघून जायची. कितीतरी जणींची शाळा सुटली होती. बसचे मॅनेजर यमुनेला म्हणाले होते, "चार पोरींसाठी गाडी थांबवू का? लोकांची मागणी असंन तर दाखवा. बाजाराच्या दिवशी येतो, तुमचा फळा पाहतो. लोक बोलले तर विचार करू."

मग काय! यमुनेने भित्तिपत्रात सगळं लिहिलं. बाया वाचून थांबू लागल्या, खडू हातात घेऊ लागल्या. पण दुसऱ्या दिवशी पाहते तर – कोणाचं मत पुसून त्यावर 'घनकेश', कोणाच्या नावावर 'घनकेश'. मोतीराम हा तेलाचा एजंट. त्याची माणसं पहाटेच येऊन फळा भरून टाकायची. ती पुसून दमली. दुपारी पुन्हा तेच.

"रडून राहिल्या का?" मागून सुखदेवचा आवाज आला.

"खडूची भुकटी गेली डोळ्यात."

"मंग दोन्ही डोळ्यात कशी गेली?"

त्याने खिशातून स्वच्छ रुमाल काढला, तिच्या हाताजवळ ठेवला आणि दुसरीकडे पाहत म्हणाला, "खडू बाहेर टांगूच नका. आत, खिडकीत ठेवा. ज्याले लिहाचं हाय, त्यानं आधी सांगाचं – आजच्या भित्तिपत्रात काय लिहिलं हाय. ज्यानं वाचलंच नाही, तो काय सांगन?"

यमुनेने मान वर केली. ओल्या पापण्यांआडून ती त्याच्याकडे पाहतच राहिली… आणि त्याने गडबडीने सायकलची घंटी उगाचच वाजवली.

युक्ती जबरदस्त लागू पडली! मोतीरामची माणसं खिडकीशी यायची, "खडू द्या" म्हणायची. यमुना गोड आवाजात विचारायची, "आज काय लिहिलं हाय जी?" ती एकमेकांची तोंडं पाहायची. एक जण म्हणाला, "तेलाबद्दल असंन." सगळी रांग हसली.

पण संध्याकाळी वाचनालयातल्या एका सदस्याने सांगितलं, की रामाकोन्याची केसरबाई आली होती. कापूस वेचून थेट. तिच्या नातीची शाळा सुटली होती, तेच तिला फळ्यावर सांगायचं होतं. त्याने नियमाप्रमाणे विचारलं. "मले वाचता येत नाही बाप्पा," एवढं बोलून बाई परत गेली.

यमुनेचा चेहरा उतरला. "तेलासाठी दार लावलं आन् केसरबाईच बाहेर राहिली! जिच्यासाठी हे सारं करून राहिलो, तीच!"

युक्ती सुखदेवचीच होती. त्याने सायकल काढली. "मी जातो रामाकोन्याले. पन तिले आणल्यावर काय कराचं, ते तुम्ही ठरवा."

तो परतला तेव्हा केसरबाई मागच्या कॅरिअरवर बसली होती, आणि यमुनेने ठरवलेलं होतं. ती ओट्यावर उभी राहिली आणि तिने सगळं भित्तिपत्र मोठ्याने वाचून दाखवलं. भाजीवाल्या थांबल्या, मजूर बाया बसल्या. आता वाचता न येणाऱ्यालाही सगळं ठाऊक झालं. केसरबाई बोलली तसं, तिच्याच शब्दांत, सुखदेवने फळ्यावर लिहिलं – 'माही नात हुशार हाय. तिले घरी बसवू नका. – केसरबाई.'

बाईने आपल्या नावावर बोट फिरवलं. "हे मीच का?"

"तुम्हीच जी," तो म्हणाला. त्या क्षणी यमुनेच्या मनातला उरलेला अर्धा रागही कुठेतरी विरघळून गेला.

मोतीराम काही कच्चा नव्हता. दुसऱ्या दिवशी तो स्वतः आला, उत्तर अगदी बरोबर दिलं, खडू घेतला आणि लिहिलं – 'लेख फारच सुंदर! अशीच माहिती देत जा. – घनकेश तेल, बसस्टँडसमोर.'

"आता काय म्हणता?" तो मिशीत हसला. "वाचून लिहिलं हाय!"

"मनापासून आभार, काका," यमुना म्हणाली आणि ओल्या फडक्याने नेमकी शेवटची ओळ पुसली. "तारीफ राहू देते. आता ज्यानं त्यानं आधी हातातल्या पाटीवर लिहाचं. मी पाहीन, मंगच फळ्यावर चढन. तेल तुमच्या दुकानात विका ना, तिथं कोन अडवते?"

जमलेल्या बाया टाळ्या वाजवू लागल्या. मोतीराम पुटपुटत निघून गेला. सुखदेवने मात्र हळूच विचारलं, "मी पाटीवर काही लिहिलं… तर चढवाल का?"

"विषयाचं असंन तर."

"तुमच्या विषयीचं असंन तर?"

यमुना गालातल्या गालात हसली… आणि खिडकी बंद करून घेतली.

बाजाराचा दिवस. मॅनेजर आले. फळ्यावर खडूएवढीही जागा उरली नव्हती – मनकर्णा, प्रमिला, विजया, हमाल कवडू, शाळेतले मास्तर. तेलाचा थेंबही नाही! साहेबांनी वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं. केसरबाईच्या ओळीपाशी ते बराच वेळ थांबले. मग चष्मा काढला.

"सोमवारपासून थांबन गाडी."

काय जल्लोष झाला! कोणीतरी हलगी आणली. यमुनेचे वडील भाऊराव, एरवी इतके अबोल, तेही संत्री वाटत सुटले.

सोमवारी यमुना मुद्दाम पहिल्या बसने रामाकोन्याच्या पुढच्या गावापर्यंत गेली. येताना रामाकोन्याला गाडी खरंच थांबली. निळ्या रिबिनी, दप्तरं, खिदळणं – पोरींचा लोंढा आत शिरला. सगळ्यांत पुढे केसरबाईची नात. आणि सगळ्यांत शेवटी… सुखदेव, धापा टाकत.

"तुम्ही? इथं?"

"सायकल इथंच ठेवली. तुमच्यासंगं यायचं होतं." त्याने वरचा दांडा घट्ट धरला. "यमुना… मी तुमच्या बाबांशी बोलावं म्हणतो. पन आधी तुमचं मन… मले तुम्ही लय आवडता. लग्न करसान माह्याशी?"

गाडीने गिअर बदलला. इंजिन घरघरलं. यमुना काहीतरी म्हणाली.

"काय? ऐकू नाही आलं!"

यमुनेने एकदा खिडकीबाहेरच्या संत्र्यांच्या बागांकडे पाहिलं, एकदा त्याच्या घाबरलेल्या चेहऱ्याकडे. मग खणखणीत आवाजात म्हणाली –

"हो म्हटलं! करीन!"

अख्खी बस वळून पाहू लागली. आणि मग रामाकोन्याच्या साऱ्या पोरींनी एकच गिल्ला केला.