थोरली चढावर का थांबते?

"चालली! चालली! आता चढाला लागली!" भोंगा पुलाच्या कठड्यावर पोट टेकवून ओरडला. त्याला भोंगा का म्हणतात, हे कुणाला वेगळं सांगावं लागत नसे.

"आधी कठड्यावरून खाली उतर," त्याची ताई म्हणाली. ती तेरा वर्षांची, त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. चटकन पेटायची, म्हणून सगळे तिला ठिणगी म्हणत.

खाली, चाचणीच्या रुळावरून एक निळं इलेक्ट्रिक इंजिन सोळा भरलेले डबे ओढत येत होतं. कडेच्या मांडवात, इंजिन विकत घ्यायचं की नाही ते ठरवायला आलेले पाहुणे खुर्च्यांवर बसले होते. चढाच्या मध्यावर पंख्यांची घरघर वाढली, आणि मग 'खट्ट' असा मोठा आवाज झाला. इंजिनाच्या छपरावरचा, तारेतून वीज घेणारा लोखंडी हात खाली आला. पंखे गप्प झाले. गाडी थांबली.

"थांबली," मुंगी हळूच म्हणाली. मुंगी शेजारच्या घरातली, दहा वर्षांची आणि दिसायला आठची.

"पुन्हा! पाचव्यांदा!" भोंग्यानं कपाळावर हात मारला.

ठिणगी इंजिनाकडे बघत नव्हती. रुळाच्या कडेला बाबा उभे होते. दोन वर्षांपूर्वी असं झालं असतं तर ते धावत चढ चढून गेले असते. आज ते एका दगडावर बसले आणि हातातली फाइल त्यांनी मांडीवर उलटी ठेवली.

हे इंजिन बाबांनी आखलं होतं. खरं म्हणजे एक नव्हे, चार इंजिनं. "चौघी बहिणी आहेत," ते सांगत. "सांगाडा एकच, स्वभाव चार. थोरली माल ओढणार. दुसरी प्रवासी घेऊन पळणार. तिसरीला दोन प्रकारची वीज चालणार, म्हणजे सरहद्दीवर इंजिन बदलायला नको. आणि शेंडेफळाच्या पोटात छोटं डिझेल इंजिन, तार संपली तरी गोदामापर्यंत जाणारं." त्यांतली थोरली तेवढी तयार झाली होती. बाकीच्या तिघी कागदावर होत्या.

आता एकच चाचणी उरली होती, शनिवारी. त्या दिवशीही थोरली थांबली, तर ती भंगारात जाणार आणि बाकीच्या कागदावरच राहणार.

घरी आल्यावर बाबांनी बूट काढायला बराच वेळ घेतला. डॉक्टरांनी त्यांना विश्रांती घ्यायला सांगितलं होतं. आईनंही सांगून पाहिलं होतं. पण रोज सकाळी इस्पितळात सुई टोचून घ्यायची आणि साडेदहाला कारखान्यात हजर, हे त्यांनी सोडलं नव्हतं. कमरेच्या पट्ट्याला त्यांनी स्वतःच दोन नवी भोकं पाडली होती.

"पाहुणे नसताना ती चाळीस वेळा चढली," ते म्हणाले. "पाहुणे आले की थांबते."

"लाजत असेल!" भोंगा म्हणाला.

बाबा हसले. हसता हसता खोकले, आणि मग बराच वेळ खोकतच राहिले.

सुट्टीच होती. दुसऱ्या दिवशी ठिणगीनं बाबांची चाचण्यांची वही जमिनीवर पसरली. तिघं तिच्याभोवती पालथी पडली.

"हवा बघ. एकदा ऊन, एकदा ढग. चालक दर वेळी वेगळा. वजन तेच," ठिणगी बोट फिरवत म्हणाली. "सारखं काहीच नाही."

"मग भूत!" भोंगा म्हणाला.

"तुझ्या आवाजानं भूतही पळेल."

मुंगी तारखा वाचत होती. "ताई, हे पाचही दिवस मला माहीत आहेत. त्या दिवशी आई सकाळी सहालाच कामावर गेली होती."

"कशाला?"

"थोरलीला आंघोळ घालायला! पाहुण्यांसमोर मळकी कशी न्यायची?"

दोघं भावंडं तिच्याकडे बघतच राहिली.

"वहीत धुण्याचा रकाना आहे?" भोंग्यानं विचारलं, आणि आयुष्यात प्रथमच त्याचा आवाज बारीक निघाला.

रकाना नव्हता. आणि सहा वाजता बाबा इस्पितळात असत. ते कारखान्यात येईपर्यंत इंजिन बाहेरून कोरडं ठणठणीत झालेलं असे.

तिघं धुण्याच्या शेडकडे धावली. मुंगीची आई गमबूट घालून फरशी खराट्यानं घासत होती.

"काकू, इंजिन कसं धुता?"

"कसं म्हणजे? शिडीवरून धुवायचं असतं, वरून खाली. पण शिडी मोडून झाले सहा महिने. तीनदा सांगितलं. तर चकचकसाहेब म्हणतात, खालूनच मारा जोरात फवारा, आटपा लवकर." चकचकसाहेब म्हणजे पाहुण्यांची सरबराई बघणारे अधिकारी. त्यांच्या खिशात सतत रुमाल असे, आणि ते दाराच्या कड्यासुद्धा पुसत चालत.

ठिणगी थोरलीजवळ गेली. इंजिनाच्या कुशीत हवा आत घ्यायची जाळी होती. तिच्या पट्ट्या छपरासारख्या बाहेरून खाली उतरत्या होत्या. पाऊस पडला तर पाणी ओघळून जाणार. पण खालून मान वर करून बघितल्यावर पट्ट्यांच्या फटींतून थेट आतला अंधार दिसत होता.

"खालून मारलं की सगळं पाणी आत," ती पुटपुटली. "आणि चढावर पंखे पूर्ण जोरात फिरले की ते पाणी विजेच्या कपाटात ओढलं जातं!"

"म्हणजे मीच बिघडवलं?" मुंगीच्या आईच्या हातातला खराटा थांबला. "पोरांनो, माझं नाव नका घेऊ. साहेब म्हणतील, पाणी तर हिनंच मारलं. माझी नोकरी जाईल."

मुंगीनं आईचा ओला हात धरला. ठिणगीनं पुन्हा एकदा जाळीकडे बघितलं. मग म्हणाली, "नाही घेणार. पाणी साहेबांनाच मारू दे."

शुक्रवारी सरावाची फेरी होती. पाहुणे नव्हते, म्हणून थोरली धुतलेली नव्हती. कारखान्याचे मोठे साहेब आले होते. बाबांसाठी कुणीतरी खुर्ची आणून ठेवली होती. चकचकसाहेब रुमालानं इंजिनाचा कठडा पुसत होते.

"अरे बापरे!" भोंगा गरजला. "थोरलीच्या गालावर केवढा डाग!"

डाग होताच. जाळीच्या खालीच, मातीचा, थाळीएवढा. मुंगीचा नेम चुकत नसे.

चकचकसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. "पाणी आणा! नळी आणा!"

"शिडी आणू का, साहेब?" मुंगीच्या आईनं शांतपणे विचारलं.

"शिडी कुठाय इथं? द्या इकडे!" त्यांनी नळी हिसकावली आणि खालून वर असा फवारा सोडला, की जाळीतून आत गेलेलं पाणी आत खळखळताना सगळ्यांनी ऐकलं.

"बाबा!" ठिणगी ओरडली. "जाळीकडे बघा!"

बाबा खुर्चीचा हात धरून उठले. जाळी, नळी, मुलगी असं बघत गेले आणि जागीच थबकले. "तिला चढवा," ते म्हणाले. "आत्ता. अशीच."

थोरली निघाली, चढाला लागली, मध्यावर गेली. खट्ट!

दर वेळी तिला शेडमध्ये ओढून आणून कपाट उघडेपर्यंत दोन तास जात, आणि आतल्या उष्ण हवेत सगळं वाळून जाई. आज वीज तोडून, सगळी काळजी घेऊन, कपाट जागेवरच उघडलं. आतून पाण्याची धार बाहेर आली.

"पण धुणं म्हणजे काय बिघाड आहे?" चकचकसाहेब म्हणाले. "मला कुणी विचारलंच नाही!"

"शिडी मोडल्याचं मी तीनदा सांगितलं होतं," मुंगीची आई म्हणाली.

"मग शिडी दुरुस्त का झाली नाही," मोठे साहेब चकचकसाहेबांकडे बघून म्हणाले, "हे मी आता विचारणार आहे. तुम्ही घाबरू नका, बाई."

शनिवारी थोरली धुळीनं माखलेली होती. ती सोळा डबे घेऊन चढली. उतरून पुन्हा चढली. चार वेळा! पुलावर भोंग्याचा आवाज बसला आणि मुंगी त्याच्या वाटचं ओरडली.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांच्यातल्या वयस्क गृहस्थांनी बाबांना बाजूला घेतलं. मुलं पळत खाली आली, तोवर बोलणं जवळजवळ संपलं होतं.

"…दोन आठवड्यांपूर्वीच सही झाली. दुसऱ्या कारखान्याचं इंजिन घेतलं. ही चाचणी ठरलेली होती, म्हणून आम्ही आलो."

"पण ती चढली ना!" भोंगा घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"चढली, बाळ. छान चढली," गृहस्थ म्हणाले. त्यांनी मान खाली घातली आणि ते गाडीकडे गेले.

दुपारी मोठ्या साहेबांनी तिघांना आराखड्यांच्या खोलीत बोलावलं. इंजिनाला गिऱ्हाईक उरलं नव्हतं, म्हणून हा विभाग बंद होत होता; निम्मी टेबलं आधीच रिकामी झाली होती. राहिलेली माणसं उभी राहिली.

"सहा इंजिनिअर सहा महिने शोधत होते," साहेब म्हणाले. "या तिघांनी ते तीन दिवसांत शोधलं. मला अभिमान वाटतो, आणि लाजही." त्यांनी तिघांशी हात मिळवला, मुंगीशी जरा वाकून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुंगीची आई दारात उभी होती. तीही वाजवत होती.

टाळ्या थांबल्या. लोक आपापले खण रिकामे करायला गेले.

बाबांनी चारही बहिणींचे आराखडे टेबलावर पसरले, पेन्सिलीला टोक केलं आणि थोरलीच्या जाळीतल्या पट्ट्या खोडून नव्या काढायला सुरुवात केली. एक रांग बाहेरून उतरती, तिच्यामागे दुसरी उलटी. पाणी कुठूनही आलं तरी आत जायला नको.

"बाबा, त्या तिघी आता होणारच नाहीत ना?" ठिणगीनं विचारलं.

"नाहीत."

"मग त्यांचे आराखडे कशाला काढलेत?"

"जाळी चौघींची एकच आहे," बाबा म्हणाले. कोपऱ्यातल्या चौकटीत त्यांनी तारीख घातली. 'दोष कुणी दाखवला' या ओळीत नीट अक्षरात लिहिलं : ठिणगी, भोंगा, मुंगी.

दुसरा आराखडा झाला. तिसऱ्यावर त्यांच्या रेघा वाकड्या यायला लागल्या. त्यांनी पेन्सिल ठिणगीच्या हातात दिली आणि पट्टी स्वतः धरून ठेवली. तिसरा तिनं पुरा केला. चौथा, शेंडेफळाचा, तिनं सुरू केला तेव्हा खोलीत ते चौघंच उरले होते.

"ही रेघ जाड झाली," बाबा म्हणाले. "पूस. परत काढ."

तिनं पुसली आणि परत काढली.