भिंतीला पाणी

ओदिल फाटकावर ‘विकणे आहे’ची पाटी ठोकत होती आणि खिळा काही केल्या सरळ जात नव्हता. ऑक्टोबरची रिपरिप चालू होती, बोटं गारठली होती. एक पांढरी गाडी शेजारी येऊन थांबली, काच खाली झाली.

“राग खिळ्यावर आहे की घरावर?” आतल्या माणसानं विचारलं.

“तुम्हाला काय करायचंय?”

“मला काही नाही. पण बागेची भिंत पोट काढून बसलीय. आणखी ठोकाठोक केलीत तर... मला बोलवावं लागेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बारा फूट भिंत रस्त्यात आडवी! ओदिलला नाक मुठीत धरून त्याला शोधावं लागलं. तो सिल्व्हँ, गवंडी. फ्रान्सच्या या क्रझ भागात गवंडी पैशाला पासरी, पण पडणाऱ्या भिंतीशी इतक्या प्रेमानं बोलणारा हाच एक असावा.

घर म्हणजे आठशे वर्षांपूर्वीचा लहानसा मठ. तिच्या वडिलांनी पडका विकत घेतला आणि वीस वर्षं खपून उभा केला. गेल्या हिवाळ्यात ते गेले. मग बारा माणसांच्या टेबलावर ओदिलचं एकटीचं ताट उरलं. चमचा ठेवला तरी कमानीतून आवाज परत यायचा. ती रेडिओला उत्तरं द्यायला लागली, तेव्हा तिची तिलाच भीती वाटली. ल्योनला बहिणीनं तिच्यासाठी खोली रिकामी करून ठेवली होती.

सिल्व्हँनं सहा दिवसांत चुन्यात भिंत बांधली आणि तिच्यावर ओलं गोणपाट पांघरलं.

“चुन्याला घाई चालत नाही,” तो म्हणाला. “रोज पाणी मारावं लागेल. मीच येईन.”

“किती दिवस?”

“भिंत सांगेल.”

रोज दुपारी चारला तो झारी घेऊन हजर. पहिल्या आठवड्यात तिनं कॉफी दिली, दुसऱ्यात चेस्टनटचं सूप, तिसऱ्यात तर चक्क बटाटा आणि साय भरलेला पाव भाजला. बोलणं भिंतीवरून वडिलांवर गेलं आणि ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. साडेतीन वाजले की ओदिल केस विंचरायची... आणि गाडी वळणाआड गेली की घर पहिल्यापेक्षा मोठं व्हायचं.

नोव्हेंबरच्या मध्यावर गिऱ्हाईक मिळालं. बेल्जियमच्या मादाम व्हरहाख. नोटरीकडे करारावर सह्या झाल्या. इथल्या कायद्यानं घेणाऱ्याला दहा दिवसांत मन बदलता येतं, विकणाऱ्याला मात्र येत नाही. ओदिलनं हे सांगितलं तेव्हा सिल्व्हँ “छान झालं” म्हणाला आणि सगळी झारी स्वतःच्या बुटांवर रिकामी केली.

दोन दिवसांनी मादाम खिडक्यांची मापं घ्यायला आल्या. त्यांनी आपल्या देशात असंच एक जुनं घर डागडुजी करून उभं केलं होतं. गोणपाट पाहून त्या हसल्या.

“महिनाभर पाणी? अहो, आठवडा पुरतो. आता गोठायला लागलं, भिंत ओली ठेवलीत तर फुटेल. सांगा तुमच्या गवंड्याला.”

चार वाजता सिल्व्हँ आला. ओदिलनं झारी त्याच्या हातातून काढून घेतली.

“भिंत कधी वाळली?”

त्यानं गोणपाटाचं टोक उगाच सारखं केलं. “...सातव्या दिवशी.”

“आणि मग?”

“मग नुसतं गोणपाटाचं लोंबतं टोक भिजवत होतो. भिंतीला थेंब लागू दिला नाही.”

“सिल्व्हँ, सह्यांच्या आधी तोंड उघडता आलं असतं.”

“काय सांगणार होतो? राहा म्हणून? दोन खोल्यांचं घर माझं. तू मठात वाढलेली.”

त्यावर तिला रडू आलं. दोन खोल्या तिला कशा हव्याहव्याशा वाटल्या, हे तिला तेव्हा सांगता आलं नाही. पुढचे आठ दिवस मादामचं नकाराचं पत्र येईल म्हणून दोघं टपालवाल्या बाईची वाट पाहत फाटकाशी उभे राहिले. मादामनी मन बदललं नाही.

जानेवारीच्या शेवटी ओदिलनं किल्ल्या दिल्या. वडिलांनी सांधलेल्या कमानींवरून एकदा हात फिरवला आणि पेटी घेऊन ती रस्त्यावर आली. पांढरी गाडी उभी होती. स्टेशनवर सोडायचं ठरलं होतं. सिल्व्हँनं गाडी सुरू केली नाही.

“माझ्या घरामागची भिंत पडलीय,” तो समोर बघत म्हणाला.

“कधी?”

“काल. म्हणजे... मी पाडली. चांगली होती.”

ओदिल हसली. कित्येक महिन्यांनी मोठ्यानं हसली. “मग बांध की.”

“थंडीत चुना लावत नाहीत. एप्रिलशिवाय जमणार नाही. आणि पाणी मारायला कुणीतरी लागेल. राहशील?”

तिनं त्याचा चुन्यानं भेगाळलेला हात घट्ट धरला आणि दुसऱ्या हातानं ल्योनला फोन लावला. आज येत नाही, इथे एका भिंतीला पाणी मारायचंय, म्हणाली.

“म्हणजे किती दिवस?” बहिणीनं वैतागून विचारलं.

“भिंत सांगेल,” ओदिल म्हणाली.