बैठकीतली भिंत

ही घटना खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. ज्या गवंड्याच्या घरात ती घडली, तो अजून त्याच घरात राहतो. पण आपल्याच बैठकीत तो भिंतीला पाठ टेकून बसत नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. रविवार होता... लख्ख दुपार.

त्याआधीचं थोडं सांगायला हवं.

गवंड्याचा थोरला भाऊ जन्मभर मालवाहू बोटीवर खलाशी. म्हातारपणी धाकट्याकडे राहायला आला, तो एक पेटी आणि एक कापडी झुला घेऊन. पलंगावर बिचाऱ्याला झोपच लागायची नाही.

"बैठकीत टांगू या का रे? खिडकीशी वारा छान येतो," त्याने विचारलं.

जागा खरंच चांगली होती. पण बैठकीत गवंड्याची गिऱ्हाइकं यायची. त्यांच्यासमोर हा म्हातारा, त्याची विडी, त्याचा तो खोकला! गवंड्याने लोणकढी थाप ठोकून दिली.

"दादा, ती भिंत आतून पोकळ आहे. हूक धरायची नाही. मागच्या कोठीची भिंत भक्कम आहे बघ."

बैठकीची भिंत त्याने स्वतः बांधलेली. विटेला वीट भिडवून. हत्ती बांधला असता तरी हलली नसती.

"तू गवंडी. तुला कळतं," दादा म्हणाला आणि झुला उचलून मुकाट कोठीत गेला. कोठीला खिडकी नव्हती.

थंडीत एका सकाळी गवंड्याची बायको चहा घेऊन गेली. दादा झुल्यातच गेले होते. रात्रभर खोकले असणार, पण कोठी इतकी मागे की कोणाच्या कानावर काही आलं नाही.

त्यानंतर तो आवाज सुरू झाला.

टक्... टक्... टक्...

बैठकीच्या भिंतीवर. बोटाच्या पेराने कोणीतरी ठोकत ठोकत पुढे सरकायचं. हूक मारायला जागा शोधताना ठोकतात ना, तसं.

गवंडी धावत जायचा. बैठक रिकामी.

शेजारी म्हणावं, तर पलीकडे घरच नव्हतं. रस्ता होता.

आणि आवाज बदलत चालला होता. आधी भरीव. मग जरा बद्द... मग...

पुढचं त्याने ऐकलंच नाही. कानात बोळे घालून बसायला लागला.

मग तो रविवार. बायको झुला धुऊन, वाळवून घेऊन आली.

"अहो, आपल्या पोरीसाठी टांगू या. दादांची आठवणही राहील. पण कोठीतच लावावा लागेल ना? ही भिंत तर पोकळ, तुम्हीच म्हणाला होतात."

आता गप्प बसलो, तर हे पाप मरेपर्यंत छातीवर बसणार. त्याने एकदाचं सांगून टाकलं.

"भिंत भरीव आहे गं. मी दादाशी खोटं बोललो. चारचौघांत मला त्याची लाज वाटायची. म्हणून कोठीत टाकला त्याला."

बायको उठली आणि तिने भिंतीवर ठोकलं.

ढब्... ढब्...

रिकाम्या डब्यासारखा आवाज.

"पोकळच तर आहे की हो! कशाला उगाच स्वतःला बोल लावून घेता?"

त्याने ड्रिल आणलं. टोक थेट मुठीपर्यंत आत गेलं. विटेची चिमूटभर लाल भुकटीही पडली नाही.

भोकातून वास आला... विडीचा. ताजा.

"बघा! खरं तेच सांगितलं होतंत तुम्ही त्यांना," बायको म्हणाली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागली. तिला कसलाच वास आला नव्हता.

मग त्याने बहिणीला सांगितलं. मित्राला सांगितलं. रडून सांगितलं. जो तो येतो, भिंत ठोकून बघतो आणि उलट त्याचीच समजूत काढतो. गवंडी माणूस, त्याला भिंत कळणार नाही होय?

टकटक आता बंद आहे. घरातल्यांना वाटतं, भावाच्या दुःखाने त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय.

तो मात्र एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलतो, अगदी हळू...

"दादा मला कबूल करू देत नाहीये."