रिगोबेर्तो पहाटे गाडी का पुसतो?

"पिशवी फाटकी आहे. खेकडे पळतील," येनिसे म्हणाली.

"पळू देत. दमलेला खेकडा चवीला मऊ लागतो," ओस्मानीनं ताईला ठणकावून सांगितलं. शेजारच्या लिस्बेतला उठवून तिघं उजाडायच्या आत किनाऱ्याकडे निघाली. समुद्रकाठच्या कार्देनास गावच्या पोरांनी सुट्टीत खेकडे पकडायचे नाहीत तर काय, मोठ्यांचे उपदेश ऐकत बसायचं?

गल्लीच्या वळणावर मात्र तिघंही थबकली. रिगोबेर्तो जागा होता.

रिगोबेर्तो म्हणजे असा झोपाळू, की मागच्या वादळात त्याच्या घराचं छप्पर उडून पलीकडच्या गल्लीत पडलं, तर हा दुपारी डोळे चोळत उठला आणि म्हणाला, "आज ऊन जरा जास्तच आहे." तोच माणूस अंधारात फडकं घेऊन आपली निळी शेवरोले पुसत होता. तेही असं, जणू गाडीला आग लागली आहे. पुसायचा, पूर्वेकडे बघायचा, पुन्हा पुसायचा.

पोरं दिसताच तो दचकला. दव रंगाला वाईट असतं, असं काहीतरी पुटपुटला आणि खिशातून तिघांना एकेक पेपरमिंट काढून दिली. रिगोबेर्तोनं तोवर कुणाला आपला खोकलासुद्धा फुकट दिला नव्हता.

ओस्मानीनं पेपरमिंट तोंडात टाकली. येनिसेनं मुठीतच ठेवली. तिला खेकडे सुचेनात, कारण ती निळी गाडी आता त्यांच्या घरी यायची होती.

तिचे वडील एवेलिओ दुसऱ्याची टॅक्सी चालवायचे. मालक गाडी विकून परदेशी लेकाकडे निघून गेला, आणि तेव्हापासून पपा ओसरीवरच्या झुलत्या खुर्चीत बसून होते. मग रिगोबेर्तो कॉफी प्यायला आला आणि अदलाबदल सुचवून गेला: तुमचं घर मला, माझी गाडी तुम्हाला, शिवाय राहायला माझ्या मागच्या अंगणातली खोली. त्या गावात घरांची अदलाबदल काही नवी नव्हती. शनिवारी नोटरीकडे सह्या व्हायच्या होत्या.

त्या खोलीला खिडकी नव्हती. आई, मिर्ता, रस्त्याकडच्या खोलीत बायकांचे केस कापायची. मागच्या अंगणात कोण येणार होतं तिच्याकडे? तिनं एकदाच हे बोलून दाखवलं आणि मग मुकाट्यानं आरसा चादरीत गुंडाळायला घेतला. कारण पपा दाढी करताना पुन्हा शीळ घालू लागले होते.

आणि गाडी काही न तपासता घेतलेली नव्हती बरं का! कार्देनासमध्ये इंजिनाबद्दल कुणी विचारत नाही. इंजिन रशियन ट्रकचं असतं, ब्रेक देव जाणे कशाचे, आणि हॉर्न एखाद्या बोटीचा. ते सगळं सदऱ्यासारखं बदलता येतं. पण आजोबांच्या काळातला अंगचा पत्रा गेला, तर पुन्हा आणणार कुठून? म्हणून बघणारा पत्राच बघतो. तो बघायला गल्लीतले जाणकार फेर्मिनकाका आले होते. नुसता हॉर्न ऐकून गाडीवाल्यानं सकाळी काय खाल्लं ते ओळखतो, असा त्यांचा दावा होता. त्यांनी जुन्या रेडिओतलं चुंबक गाडीच्या अंगभर फिरवलं. जिथं लावलं तिथं ते चिकटलं. गंजलेल्या भोकांत लुकणाचा लगदा भरून वर रंग दिला असता, तर तिथं चुंबक खाली पडलं असतं. फेर्मिनकाकांनी गाडीला 'अस्सल' म्हणून टाकलं आणि दोन कप कॉफी प्यायले.

दुसऱ्या पहाटे तिघं पिंपामागे लपून बसली. रिगोबेर्तो आला, घाईघाईनं पुढची बाजू पुसली आणि पाणी आणायला आत गेला. येनिसे वाकून गाडीच्या दारापाशी गेली.

दारावर दवाचे मणी होते, पण सगळीकडे नव्हते. मधोमध एक मोठा कोरडा डाग होता, नकाशातल्या बेटासारखा. मागच्या चाकावरच्या गोलाईवर दुसरा. खाली तर अख्खा द्वीपसमूह!

लिस्बेत घरी जाऊन विचार करत बसली आणि तिलाच ते उमगलं. त्यांच्या स्वयंपाकघराचं पत्र्याचं छप्पर पहाटे ठिबकायचं, आणि शेजारचा सिमेंटचा कट्टा कोरडा असायचा. पत्रा रात्री झटकन गार होतो, सिमेंट ऊब धरून ठेवतं.

"म्हणजे दारात भिंत बांधलीय?" ओस्मानीनं विचारलं. "मग चुंबक कसं चिकटलं?"

येनिसेनं तरीही पपांना सगळं सांगितलं. पपांनी शीळ थांबवली. "तुला ती खोली आवडली नाही, म्हणून गाडीत खोट काढतेयस," ते म्हणाले. निम्मं खरं होतं, म्हणून तिला जास्तच लागलं.

आता एकच वाट होती. रिगोबेर्तो दव पुसून टाकायच्या आत मोठ्यांनी गाडी डोळ्यांनी बघायला हवी. पण त्या वेळी उठणार कोण? लिस्बेत म्हणाली, रेशनच्या दुकानात कोंबडी आली म्हटलं, तर पुरलेलासुद्धा पिशवी घेऊन उठेल. खोटं उघडं पडल्यावर गल्ली आपल्यालाच सोलेल, हे तिघांनाही ठाऊक होतं. येनिसेला भीती दुसरीच होती. गाडी खोटी निघाली, तर पपांना पुन्हा त्या खुर्चीत आपणच बसवणार होतो.

शुक्रवारी पहाटे ओरडली मात्र तीच. "कोंबडी आली! कोंबडी आली!"

काय सांगू! दारं धडाधड उघडली. फेर्मिनकाका एका पायात चप्पल घालून, दुसरी हातात धरून धावले. सगळ्यांच्या पुढं, अजून कोरडं असलेलं फडकं फेकून पिशवी फडकावत, रिगोबेर्तो!

येनिसेनं पपांचा हात घट्ट धरला आणि त्यांना निळ्या गाडीपाशी उभं केलं.

"पपा, कोंबडी नाही आली. हे बघा."

उजाडत होतं. दवानं गाडीवर सगळं मांडून ठेवलं होतं: दारं, चाकांवरची गोलाई, खालचे काठ, सगळीकडे कोरडी बेटं. मागून येणारे लोक थांबले. फेर्मिनकाका म्हणत राहिले की चुंबक चिकटलं होतं, मी स्वतः लावलं होतं. पपांनी घराची किल्ली काढली आणि कोरड्या डागावर घासली. रंग निघाला. खाली दुधाच्या डब्याचा पत्रा चमकला, त्यावरची अर्धी गाय अजून चरत होती. चुंबक धरून ठेवलं होतं ते याच पत्र्यानं. किल्ली आणखी आत गेली, आणि मागून सिमेंटचा चुरा भसाभसा त्यांच्या पायांवर पडला.

रिगोबेर्तो धापा टाकत परतला, बघून जागीच थिजला. "थोडंफार सगळेच भरतात हो," तो म्हणाला.

फेर्मिनकाकांनी खिशातलं चुंबक काढलं, फितूर शिपायाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं आणि ओस्मानीच्या हातात ठेवलं. "घे. मी साऱ्या गाडीवर हात फिरवला, पण बघितलं तुम्हीच," ते सगळ्यांदेखत म्हणाले. लिस्बेतच्या आईनं पोरीचा कान पिरगाळला आणि त्याच हातानं तिची पाठही थोपटली. रेशनच्या दुकानापुढची रांग मात्र दुपारपर्यंत हलली नाही. इतके लोक उगाच उभे राहतील का, असं प्रत्येकाला वाटत होतं.

घरी पपा ओसरीवरच्या खुर्चीत टेकले. येनिसे दाराआड उभी राहिली.

"तू सांगितलं होतंस मला," पपा म्हणाले.

"हो, पपा."

ते उठून आत आले, चादर सोडून आरसा खिळ्याला लावला. तो वाकडा लागला, आईनं सरळ केला. मग ते आईच्या गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसले.

"बारीक काप, मिर्ता. उद्यापासून लोकांच्या दारात काम मागायला जायचंय."

आईची कात्री चालू लागली. पपांनी आरशातून येनिसेकडे बघितलं. "पोरी, त्या खोलीत आरसा लावूनही तोंड दिसलं नसतं कुणाचं. घर राखलंस तू."

येनिसेनं झाडू घेतला आणि जमिनीवर पडलेले केस गोळा करू लागली. त्यात पांढरे बरेच होते. ते कुणाला दिसायच्या आत तिनं हळूच सुपलीत ढकलले.