जसे ऐकू आले तसे

शुभा बारा वर्षं दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधत होती, आणि ऑफिस सुटलं तरी ती सवय सुटत नसे. आमटीत गूळ जरा जास्त पडला तरी तिच्या कपाळाला आठी. "हिला देवानं नैवेद्य खाल्ला तरी पुरावा लागेल," असं तिचा नवरा मोरेश्वर म्हणायचा. त्यामुळे ऑगस्टमधल्या एका सकाळी रुहीनं ती रेकॉर्ड लावली, तेव्हा नववा ठोका पडला नाही हे आधी शुभाच्याच लक्षात आलं.

रुही, त्यांची लेक, कॉलेजच्या रेडिओवर विसरल्या गेलेल्या बँडचा इतिहास सांगायची. यंदा तिनं हॅलिफॅक्सचा 'कोल्ड पँट्री' हा इंग्लिश बँड धरला होता. तीन मुलं, एक गायिका, गालिच्यांच्या बंद गिरणीतली सरावाची खोली आणि दोन रेकॉर्ड. गावाबाहेर त्यांना कुत्रं विचारत नव्हतं. १९९३मध्ये त्यांचा ड्रमर पोस्टातली नोकरी धरून निघून गेला. तरी त्यानंतरच्या रेकॉर्डवर ड्रम्स होते, आणि कव्हरवर वादकाच्या नावाच्या जागी नुसतं छापलं होतं, 'ड्रम्स: जसे ऐकू आले तसे.'

पण ते ड्रम्स नव्हतेच. ताशा होता आणि मागे ढोल होते. ताशावरचा उजवा हात दर आवर्तनात नववा ठोका गाळत होता.

असा हात शुभाला एकच माहीत होता. दोन वर्षांपूर्वी गराजच्या दारात मोरेश्वरचं बोट चेंगरलं. तेव्हापासून अमेरिकेतल्या प्लेनोच्या त्यांच्या ढोल-ताशा पथकात त्याचा नववा ठोका कधी पडला नाही.

"बाबाचं रेकॉर्डिंग मिक्स केलंस ना तू?" तिनं रुहीला विचारलं.

"आई, इट्स व्हायनल. कसं मिक्स करणार?"

शुभानं रेकॉर्ड उजेडात धरून पाहिली. जुनी, चरे पडलेली, मधल्या कागदावर १९९३ साल. त्या साली मोरेश्वर पुण्यात नववीत होता आणि त्याची दहाही बोटं शाबूत होती. हा ठेका तर त्यानं याच जूनमध्ये बसवलेला. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. कोणीतरी लबाडी करत होतं, आणि कोण ते तिला सांगता येईना.

रुहीनं बँडच्या बास गिटार वाजवणाऱ्याची एक जुनी मुलाखत शोधून काढली. तो म्हणाला होता, दर शनिवारी भिंतीपलीकडे कोणी वाजवायचं, म्हणून आम्ही माइक भिंतीला लावला. एकदा वळसा घालून बघायला गेलो, तर मोकळं पार्किंग. माणूस नाही. फक्त नोव्हेंबरच्या थंडीत तिथलं डांबर इतकं तापलेलं की बुटाचा तळवा चिकटला.

पुढच्या शनिवारी शुभा सरावाला गेली. पथक एका बंद पडलेल्या गालिच्यांच्या दुकानामागे वाजवायचं, कारण तिथे तक्रार करायला शेजारी नव्हते. सकाळचे दहा वाजले होते आणि डांबर चपलेला धरत होतं. बर्फाच्या पेटीतलं पाणी पिताना मोरेश्वर सहज म्हणाला, "आत कोणीतरी गिटार वाजवतं गं. जूनपासून ऐकतोय. बरं वाजवतं, यार."

ती वळसा घालून पुढे गेली. दाराला साखळी होती. काचेतून दिसली ती नुसती सिमेंटची जमीन आणि तिच्यावरची धूळ. धुळीत पाऊल उमटलेलं नव्हतं.

घरी येऊन तिनं रेकॉर्डवरचं शेवटचं गाणं लावलं. यात ताशाचा हात स्वच्छ होता, नववा ठोकाही नीट पडत होता. मग ताशाचा ठेका मध्येच तुटला. ढोल एकेक करून थांबले. थोडी गडबड, आणि एक बाई: "वन, टू, थ्री, फोर." त्यावर गिटार आली, आणि ताशाच्या बाजूनं धापा टाकत कोणी मोजत राहिलं, "पाच, सहा, सात…"

तीसपर्यंत. मग पुन्हा एकपासून. सात वेळा. आठव्या वेळी बारावरच रेकॉर्ड संपली.

"सुरुवातीचे चार त्यांच्या गायिकेचे असणार. बँड्स गाण्याआधी काउंट इन करतात ना," रुही म्हणाली. मग तिचा चेहरा उतरला. "पण पुढचं… आई, दॅट्स यू."

शुभाला ऑफिसातलं प्रथमोपचाराचं ट्रेनिंग आठवलं. रबरी पुतळ्याच्या छातीवर तीसदा दाबायचं, दोन श्वास द्यायचे, पुन्हा तीस. हा माणूस गेला तर आपलं काय, हा विचार तिनं आजवर कधी मनाला शिवू दिला नव्हता.

मोरेश्वरला तिनं डॉक्टरकडे ओढत नेलं. सगळे रिपोर्ट चांगले. ती थांबली नाही. विसर्जनाला ताशा गळ्यात घालणार नाही, अशी गणपतीची शपथच घ्यायला लावली.

"वेड लागलंय तुला," तो म्हणाला, पण काड्या त्यानं देवांगला देऊन टाकल्या. देवांग पथकातला सगळ्यात तयार हात. मिरवणुकीसाठी ठरलेल्या शाळेनं ऐन वेळी नाही म्हटलं, म्हणून मिरवणूक त्याच दुकानामागच्या पार्किंगमध्ये निघायची ठरली. शुभाला ते आवडलं नाही. तरी ताशाच नाही तर भीती कसली, अशी तिनं मनाची समजूत घातली. शिवाय वेळ आलीच तर इंग्रजीत मोजायचं, हे पक्कं केलं. म्हणजे रेकॉर्डवरची बाई आपण नव्हे.

रविवारी दुपारी गुलाल उडाला. देवांगनं ताशा छान उचलला. मोरेश्वर तिच्या शेजारी उभा राहून बोटांनी आपल्याच मांडीवर ठेका धरत होता. ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

मग सवयीनं ती ठोके मोजू लागली. सात. आठ. नऊ.

नववा नीट पडला.

रेकॉर्डवरच्या शेवटच्या गाण्यातला हात स्वच्छ होता. तो मोरेश्वरचा नव्हताच. एवढी साधी चूक तिच्या नजरेतून सुटली होती.

तिनं वळून पाहिलं. मांडीवरची बोटं थांबली होती.

तो गुडघ्यांवर आला, मग कुशीवर. ते बघून देवांगच्या ताशाचा ठेका तुटला. ढोल एकेक करून थांबले. कोणी फोन लावला, कोणी रुहीला मागे धरलं.

शुभानं तापल्या डांबरावर गुडघे टेकले आणि तळवे त्याच्या छातीवर ठेवले.

"वन," ती म्हणाली. "टू. थ्री. फोर."

तळव्याखाली बरगडी कटकन मोडली, आणि दुकानाच्या भिंतीपलीकडे गिटार सुरू झाली.

"पाच," शुभा म्हणाली.