या ना कधी आमच्याकडे

त्या दिवशी धुकं सकाळपासून उठलंच नव्हतं. दुपार झाली तरी समोरच्या घराचं दार दिसेना. गाड्या दिवे लावून चाललेल्या. हवेत ओल अशी, की सकाळी वाळत घातलेला शर्ट संध्याकाळी होता त्याहून ओला निघाला. जानेवारीतला दुसरा शनिवार. फार जुनं नाही हे, पोरांनो, दोन-तीन वर्षं झाली असतील. या, जवळ सरका. दिवा मात्र राहू दे.

वेतदादा माझ्या ओळखीचा. वेताच्या खुर्च्यांच्या बैठका विणायचा. विणून झालेल्या खुर्च्या मी माझ्या हातगाडीवरून गिऱ्हाइकांकडे पोचवायचो, म्हणून रोजचं बोलणं. घड्याळाच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर त्याची एक खोली. आई लहानपणी गेली, बाप तरुणपणी. लग्न राहूनच गेलं. चहाच्या टपरीवर लोक त्याला म्हणायचे, "तुझं बरंय बाबा, सडाफटिंग! ना कुणी रुसायला, ना कुणी डोकं खायला." तो हसायचा. पण सुट्टीच्या दिवशी शेजारणीकडे पाहुणे आले, की हा जिन्यात उगीच उभा. काय करतोस रे, म्हटलं तर म्हणायचा, "काही नाही. कोण कुणाचं कोण लागतं, ते ऐकतोय."

त्याच्या एक गिऱ्हाईक बाई होत्या, शाळेत शिकवायच्या. त्यांनी मोबाइलवर त्याची वंशावळ शोधायला घेतली. लोक आपापल्या घराण्यांची झाडं तिथं टाकतात म्हणे, मला त्यातलं काही कळत नाही. बापाचं नाव घातलं, आजोबाचं घातलं, आणि सापडला की एक माणूस! लांबच्या गावात औषधांचं दुकान, नात्यानं चुलत चुलत भाऊ. त्यानं आपणहून फोन केला. "अहो, रविवारी आपल्या घराण्यातली सगळी जमणार आहेत. तुमच्या फांदीचं तेवढं कुणी येत नाही. शनिवारी संध्याकाळीच या, माझ्याकडे उतरा. मी येतो स्टँडवर."

वेतदादानं नवा शर्ट शिवला. मला म्हणाला, "जातो खरा, पण बोलू काय तिथं? कुणाला काका म्हणायची जिभेला सवयच नाही."

मी म्हटलं, "दिसेल त्याला काका म्हण. चुकलं तर तोच सांगेल."

बस धुक्यात अडकत अडकत गेली. संध्याकाळची पोचायची ती रात्री साडेअकराला पोचली. स्टँडवर चिटपाखरू नाही. भाऊ वाट बघून घरी गेलेला. ह्याचा फोन वाटेतच बंद पडलेला. पाण्याच्या टाकीपाशी डावीकडे वळायचं, एवढं ध्यानात होतं. पण धुक्यात टाकी दिसेल तर ना. चालता चालता तो एका अरुंद गल्लीत शिरला. दोन्हीकडची घरं मिटलेली. एकाच घराच्या दाराखालून उजेड येत होता. आतून माणसांचा गलबला. भांड्यांचे आवाज, हसणं, कुणीतरी कुणाला तरी दटावतंय.

हा आपला सवयीनं बाहेर उभा राहून ऐकू लागला.

दार उघडलं. साठीची बाई, खांद्यावर शाल. "दारात काय उभा राहतोस? परका आहेस का?"

आत लांबलचक टेबल. भोवती पंधरा-वीस माणसं, सगळी उभी. मधोमध एक जाडजूड म्हातारा ओरडला, "हा कुणाचा रे?"

वेतदादानं बापाचं नाव सांगितलं. आजोबाचं सांगितलं. मग एकच कालवा.

"अगं बाई, धाकट्याचा नातू!"

"नाक बघा, नाक! वेगळा पुरावा कशाला हवा?"

"नाक कसलं, भोंगा आहे आपल्या घराण्याचा."

शालवाली बाई म्हणाली, "मी तुझी आत्या. तुझ्या बापाची चुलत बहीण. किती वाळलास रे! खातोस की नाही वेळेवर?"

जाडजूड म्हातारा पुढं आला. "आणि मी तुझा कोण, सांग बघू."

"काका?"

"आजोबा लागतो, गाढवा! कान धर!"

ह्यानं खरंच कान धरला. सगळी पोट धरून हसली, हाही हसला, हसता हसता डोळे पुसायला लागला. मला नंतर म्हणाला, "तिनं मला जन्मात पाहिलं नव्हतं, तरी म्हणाली, वाळलास. किती बरं वाटलं म्हणून सांगू. थोडा वेळ का होईना, मी कुणाचा तरी पुतण्या होतो, कुणाचा तरी नातू होतो."

मग आत्या म्हणाली, "बसा आता सगळे."

खुर्च्या होत्या वेताच्या. ह्याच्याच धंद्यातल्या. सगळी बसली. हाही बसला. त्याची खुर्ची करकरली.

त्याची एकट्याचीच.

आता बघा, वेताची खुर्ची माणूस बसला की बोलते. नवी असो, जुनी असो. एवढंसं पोर बसलं तरी बोलते. जन्म गेला होता त्याचा त्यात. पंधरा-वीस माणसं एकदम बसली… आणि आवाज एकच. त्यानं आधी मनाची समजूत घातली. विणकाम घट्ट असेल, म्हणाला. मग रुमाल पडल्याचं निमित्त करून खाली वाकला. समोर तो जाडजूड आजोबा बसलेला. खालून बघितलं.

बैठक ताठ. जराही खाली दबलेली नाही.

शेजारची तशीच. तिच्या शेजारचीही.

तो वर आला. सगळी त्याच्याकडेच बघत होती. हसू गेलेलं.

"तुझ्यामागं कोण रे?" आत्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"बायको? पोरं?"

"कुणी नाही, आत्या."

बाहेर धुकं. आत दिव्याची वात हलत नव्हती.

"आमच्यामागंही कुणी नाही," आत्या म्हणाली. "म्हणून तर एकमेकांना धरून बसतो." तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू राहतोस का इथंच?"

हात दिसत होता. त्याचं वजन लागत नव्हतं.

खरं सांगतो पोरांनो, वेतदादा त्या वेळी लगेच उठला नाही. मला म्हणाला, "पळावं असं वाटलं, आणि पळून जायचं कुणाकडे, असंही वाटलं. राहतो म्हणायला तोंड उघडलं होतं मी." पण अंगातल्या भीतीनंच त्याला उभं केलं. आणि तोंडातून काय निघावं? आपण चारचौघात उठताना म्हणतो ना, सवयीनं, अर्थ न लावता…

"निघतो आता. उद्या काम आहे. तुम्हीच या ना कधी आमच्याकडे."

सगळी एकदम उभी राहिली.

एकही खुर्ची वाजली नाही.

"येऊ की," आत्या हळूच म्हणाली. "कुणी बोलावलंच नव्हतं रे इतकी वर्षं."

"राहतोस कुठं?" आजोबानं विचारलं.

नात्यातल्या कुणी त्याला हे कधी विचारलं नव्हतं. त्यानं सांगितलं. घड्याळाचं दुकान… दुसरा मजला… जिन्यालगतचं दार. सांगताना कळत होतं की सांगू नये. तरी सांगितलं.

मग तो बाहेर होता. पळत होता. मागं कुणी आलं नाही. हाकसुद्धा नाही…

उरलेली रात्र त्यानं स्टँडवरच्या बाकावर काढली. उजाडल्यावर विचारत विचारत भावाच्या दुकानी गेला. भाऊ शटर वर करत होता. ह्यानं गल्ली सांगितली, घर सांगितलं. भावानं हातातलं कुलूप खाली ठेवलं.

"तुम्हाला कुणी नेलं तिथं? तुमच्या आजोबांच्या भावंडांचं घर ते. एकेक करत सगळी गेली, पोरंबाळंसुद्धा. मागं कुणाचं कुणी उरलं नाही. शेवटी एक आत्या उरल्या होत्या, त्यांनाही जाऊन दहा-बारा वर्षं झाली. तेव्हापासून घर बंदच." मग म्हणाला, "दर वर्षी आम्ही सगळे जमायचो, आणि दर वर्षी म्हणायचो, पुढच्या खेपेला त्यांना बोलावू. राहून गेलं ते."

वेतदादा त्या संमेलनाला थांबला नाही. त्यानं दुपारची बस धरली. बाहेर ऊन पडलेलं, धुक्याचा मागमूस नाही. खिडकीशी बसून तो स्वतःला समजावत राहिला, झोप नव्हती, पोटात अन्न नव्हतं, भास झाला असेल.

दिवेलागणीला तो आपला जिना चढला. दाराला कुलूप होतं तसंच. खाली पायपुसण्यापाशी एक चप्पल पडली होती. लहान मुलाची, डाव्या पायाची. एकच. त्यानं ती उचलली. आतून ऊबदार होती, आत्ता पायातून काढल्यासारखी. रात्री त्या घरात एकही मूल दिसलं नव्हतं.

शेजारीण आवाज ऐकून बाहेर आली. तोंडभरून हसत होती.

"अय्या, आलात का भाऊ? अहो, तुमच्याकडची मंडळी येऊन गेली दुपारी! आणि मी आपली समजत होते, तुम्हाला कुणीच नाही. किती गोड बोलतात हो तुमच्या आत्या! मी म्हटलं, कुलूप आहे, आमच्याकडे टेका घटकाभर. तर म्हणाल्या, आज नुसतं घर बघून जातो. एकटाच असतो ना तो, आता राहायलाच येऊ."