तारप्याची तपासणी

“गोडाऊनला जागा द्यायची नाय! हजारदा सांगितलं!”

दीपाली स्टेजवरूनच ओरडली. दारातला तरुण दचकला. त्याच्या बगलेत फाईल होती आणि ओल्या छत्रीचं पाणी थेट त्याच्याच पायांवर गळत होतं.

“मला गोडाऊन नकोय,” तो म्हणाला. “मला गाणं पायजे.”

“काय?”

“म्हणजे... गाण्याची तपासणी. मी अनुज. कर कार्यालयातून आलोय.”

दीपालीनं जीभ चावली. ज्याची पंधरा दिवस डोळ्यांत तेल घालून वाट पाहिली, नेमकं त्यालाच झाडलं होतं!

आता या पोरीची अडचण ऐका. बोईसरच्या कारखान्यांच्या वाटेवर तिच्या वडिलांची भातगिरण होती. ते गेले, गिरण बंद पडली, आणि दीपालीनं तिथं स्टेज बांधलं. दर शनिवारी कुणी भजन म्हणायचं, कुणी गिटार वाजवायचं, कारखान्यातली पोरं हिंदी गाणी म्हणायची. पण घरपट्टी डोईजड झाली होती आणि थोरला भाऊ प्रदीप एका गोडाऊनवाल्याशी बोलणी करून बसला होता. तेवढ्यात सरकारी योजना आली – जिथं लोकांपुढं प्रत्यक्ष गाणं-वाजवणं होतं, त्या जागेला पाच वर्षं करात सूट. अर्जात लिहिलेला कार्यक्रम अधिकाऱ्यानं स्वतः बघून सही करायची. मुदत तीस सप्टेंबर.

“सूट मिळाली तर तुझं स्टेज,” प्रदीपनं सांगून टाकलं होतं. “नाय तर गोडाऊन. मग रडायचं नाय.”

अनुज आधी कागद बघायला आला. मग दाराची रुंदी मोजायला. मग तीच रुंदी परत मोजायला.

“मंगळवारपासून दार वाढलं का?” दीपालीनं विचारलं.

“टेप खराब होती.”

“आणि आज? आज काय खराब हाय?”

तो टेप गुंडाळत राहिला. वर बघेचना. “आज... मीच.”

अगं बाई! दीपालीचे कान तापले. तिनं घाईघाईनं त्याच्या हातात चहा दिला, तर त्यात साखरच नव्हती. पठ्ठ्यानं तो कौतुकानं संपवला. त्या दिवसापासून ‘तुमी’चं ‘तू’ झालं.

तपासणी बावीस तारखेला ठरली. अर्जात कार्यक्रम लिहिला होता तारप्याचा – वाळल्या भोपळ्याच्या त्या लांब फुंकवाद्याचा. वाजवणार होते धर्माजीकाका, दीपालीचे डोंगरातले चुलते. खुर्च्या भरल्या, अनुज फाईल उघडून बसला... आणि काका तारपा फडक्यातून काढेचनात.

“नवं खाल्लं नाय अजून,” ते म्हणाले. “नवं भात देवाला दाखवल्याबिगर तारपा फुंकायचा नाय. इसरलीस, पोरी?”

विसरलीच होती. बोईसरात राहून तिला सगळे महिने सारखेच झाले होते. ‘कोणतीही तारीख चालेल’ असं तिनं स्वतःच्या हातानं अर्जात लिहिलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रदीपनं मोबाईल काढला. “काका, नुसता तोंडाला लावा. मी रेकॉर्डिंग सोडतो.”

काकांनी तारपा बगलेत मारला आणि ते चालते झाले.

दीपालीनं अनुजला पडद्याआड ओढलं. “एक सही कर. इथं वाजतं ते तुला ठाऊक हाय.”

“नाय जमणार.”

“माझ्यासाठी?”

त्याचा चेहरा उतरला. “तुझ्यासाठीच नाय जमणार.”

“मग जा! दारं मोजायला तेवढं जमतं!”

तो दारापर्यंत गेला, थांबला. “काकांचं भात कधी होईल?”

“हळवं हाय, लवकर पिकतं. आठ दिवसांत होईल. तुला काय करायचंय?”

“आमच्या मुरबे गावात नारळी पुनवेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नाय,” एवढंच बोलून तो गेला.

नंतर त्याचा फोन नाही, काही नाही. दीपालीनं त्याला मनातल्या मनात नाही नाही ते ऐकवलं आणि उशी भिजवली. मग कार्यालयाचं पत्र आलं – फेरतपासणी तीस तारखेला, दुपारी तीनला, दुसरे अधिकारी येतील. पाऊस मात्र थांबेना. भात आडवं पडलं तर संपलंच सगळं! एकोणतीसच्या सकाळी काकांचा निरोप आला. भात कापलं, नवं खाल्लं, उद्या येतो.

तीस तारखेला तीन वाजले. साडेतीन झाले. काकांचा पत्ता नाही. तपासणीला आलेल्या हंसा मॅडम घड्याळ बघत होत्या. प्रदीपनं गोडाऊनवाल्याला पाचला बोलावलं होतं, आणि तो चारलाच करारनामा घेऊन येऊन बसला होता.

साडेचारला काका आले. एसटी वाटेत बंद पडली म्हणून अर्धी वाट चालत, नखशिखांत भिजून. तारपा तेवढा प्लास्टिकमध्ये कोरडा. त्यांनी दम खाल्ला, गाल फुगवले, आणि त्या जुन्या गिरणीत तारप्याचा जाड, घुमणारा आवाज भरला. बाया-माणसं हात धरून फेरात उतरली. हंसा मॅडमचा पाय ठेका धरून होता. त्यांनी सही केली, शिक्का मारला, आणि फाईलमधलं एक पान दीपालीपुढं सरकवलं.

“हे पण वाच. सव्वीस वर्षं नोकरी झाली, असलं पत्र पहिल्यांदा बघितलं.”

अनुजचं अक्षर होतं. ‘अर्जदार दीपाली यांच्याशी लग्न करण्याची माझी इच्छा आहे. त्यांना अद्याप विचारलेले नाही. सबब ही तपासणी माझ्याकडून काढून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावी. नवे भात खाल्ल्याशिवाय तारपा वाजवत नाहीत, म्हणून तीस तारीख द्यावी, ही विनंती.’

“साहेबांनी चांगलाच झापला त्याला,” मॅडम म्हणाल्या. “बाहेर उभा हाय. तपासणी संपेपर्यंत आत यायचं नाय म्हणतो.”

दीपाली धावतच बाहेर गेली. तो फाटकापाशी उभा होता.

“अख्ख्या ऑफिसला सांगितलंस... मला सोडून?”

“आधी विचारलं असतं, तर तू मला हो म्हणालीस की सहीला, हे जन्मभर कळलं नसतं.”

तिचे डोळे भरून आले. “मी तुला आठ दिवस किती शिव्या घातल्या, माहीत हाय?”

“असतीलच.” तो हसला. “आता सही झालीय. मी नको असलो तरी स्टेज तुझंच हाय. आता सांग.”

दीपालीनं मागं स्टेजकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

“हो,” ती म्हणाली. “तुला.”